ऑइल तपासायला पाठवण्याआधी

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की ऑइल कधी बदलायचं यावर खानदेशात ज्याचं त्याचं मत ठरलेलं असतं. मिस्तरी तेल मोजायची पट्टी ओढतो, बोटावर तेल घासतो, "भाऊ, तेल कायं व्हई गयं" म्हणतो आणि विषय तिथंच मिटतो. पण डिझेल इंजिनातलं नवं तेल काही शे किलोमीटरांतच काळं पडतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं तेल दिसायला बरं असूनही आतून थकलेलं असू शकतं. रंग काही सांगत नाही, प्रयोगशाळेतली तपासणी सांगते. मात्र तयारी न करता बाटली पाठवली तर हाती नुसता आकड्यांचा कागद येतो, आणि तोही हजार-दोन हजार घालवून.

म्हणून पहिली गोष्ट खर्चाची. तीन-साडेतीन लिटर तेल मावणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीत तपासणी आणि कुरियर धरलं तर जवळपास तेवढ्यात नवं तेल येतं. अशा गाडीत तेल वाचवण्यासाठी तपासणी करायची असेल तर सरळ नको म्हणा. इंजिन आणखी किती वर्षं साथ देईल, खोलायचं की नाही, हे ठरवायचं असेल तर मात्र पैसे वसूल होतात. धुळे-जळगाव-भुसावळ रस्त्यावर रोज पळणारी, जास्त तेल घेणारी जुनी डिझेल गाडी असेल तर दोन्ही अंगांनी फायदा आहे. आणखी एक, एका अहवालावर काहीच ठरवू नका. तीन अहवाल एका रांगेत ठेवायची तयारी असेल तरच सुरुवात करा.

मग वही घाला. मोबाइलमध्ये चालेल, पण गाडीच्या कप्प्यातली वही मिस्तरीच्या हातीही लागते. तेल कुठलं, ग्रेड कोणती, कुठल्या किलोमीटरला टाकलं आणि मधे किती वरून घातलं, हे त्यात हवं. हे वरून घातलेलं तेल फार घोळ करतं. जुनं इंजिन तेल पितं, आपण अर्धा-एक लिटर ओतत राहतो, त्यामुळे झिजेचे कण पातळ होतात, नवी रसायनंही मिळतात, आणि अहवाल आहे त्याहून साजरा येतो. तिन्ही वेळा तेल एकच ठेवा. ब्रँड बदलला की रसायनांचे आकडे बदलतात आणि तुलना कोलमडते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ गाठतो म्हणून जाड तेल टाकायची सवय आहे. तपासणीपुरती तरी मॅन्युअलमधली ग्रेड वापरा. नव्या डब्यातलं थोडं तेल वेगळ्या बाटलीत काढून पहिल्या वेळी तेही तपासून घ्या. सुरुवात कुठून झाली हे माहीत नसेल तर किती घसरलं हे कसं कळणार?

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही. हवेचा रस्ता तपासा. कापसाच्या हंगामात शेतरस्त्यानं, उन्हाळ्यात काळ्या मातीच्या फुफाट्यातून गाडी गेली की धूळ आत शिरायला फट शोधत असते. एअर फिल्टर नवा असला तरी डब्याचं झाकण नीट बसलेलं नसतं, एखादी क्लिप तुटलेली असते, रबरी पाइपला वळणाच्या आतल्या बाजूला बारीक चीर गेलेली असते. फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडचा पाइप सोडवा आणि आत बोट फिरवा. बोटाला करडी, खरखरीत पूड लागली तर बाटली अजून पाठवू नका, आधी ती फट बुजवा. धुळीतली वाळू पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची स्लीव्ह दोन्ही घासते. ती अहवालात सिलिकॉन म्हणून दिसते, सोबत ॲल्युमिनियम आणि लोहही चढतं. एक अपवाद ध्यानात ठेवा. टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) किंवा चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) नुकतं उघडून सिलिकॉन सीलंट लावून बसवलं असेल, तर त्याचंही सिलिकॉन तेलात उतरतं. लोह जागच्या जागी आणि एकटं सिलिकॉन वर, असं दिसलं तर घाबरू नका. तरी असं काम झाल्याची तारीख वहीत असू द्या.

प्रयोगशाळा निवडताना एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता विचारा, आणि त्या मान्यतेत इंजिन ऑइलच्या चाचण्या येतात का तेही. अशी सोय बहुतेक मोठ्या शहरांतच असते, त्यामुळे बाटली कुरियरनंच जाणार. द्रवपदार्थ घेतात का, हे कुरियरवाल्याला आधी विचारलेलं बरं. चाचण्या कुठल्या हव्यात हे लेखी कळवा. झिजेचे धातू, १०० अंशांवरची चिकटाई, पाणी, तेलात मिसळलेलं इंधन आणि टीबीएन एवढं हवंच, डिझेल असेल तर काजळीही. टीबीएन म्हणजे तेलात आम्ल मारायची किती ताकद उरली त्याचा आकडा. त्याचे पैसे अनेकदा वेगळे पडतात, तिथं काटकसर करू नका. ऑइल कधी बदलायचं याचं अर्धं उत्तर त्यातच असतं.

बाटली प्रयोगशाळेनं दिलेली असेल तर उत्तम. पाण्याची रिकामी बाटली धुऊन वापरायचा मोह टाळा, आत एक थेंब राहिला तरी पाण्याचा आकडा खोटा येतो. नमुना काढायच्या दिवशी गाडी वीसेक किलोमीटर पळवून आणा. तेल गरम असलं की खाली बसलेला गाळ मिसळलेला असतो. चेंबरच्या बोल्टभोवतीची माती आधी पुसून काढा. बोल्ट सोडल्यावर पहिली धार जाऊ द्या, बाटली मधल्या धारेखाली धरा, शेवटचं ओघळणारं घेऊ नका. साधारण शंभर मिली पुरतं. हात भाजतो, जाड हातमोजे घाला. झाकण लगेच लावा आणि गाडीचे एकूण किलोमीटर, या तेलाचे किलोमीटर, वरून किती घातलं, इंधन कुठलं, हे सगळं बाटलीवर तिथल्या तिथं लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की दोन बाटल्यांची अदलाबदल ठरलेली.

जुना ऑइल फिल्टरही टाकून देऊ नका. धातू मोजणाऱ्या यंत्राला साधारण पाच ते आठ मायक्रॉनपर्यंतचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दिसतात. त्याहून मोठा चुरा अहवालात येतच नाही, तो फिल्टरच्या कागदात अडकतो. फिल्टरचा डबा कटरनं उघडा, हॅकसॉ ब्लेडनं कापला तर ब्लेडचाच चुरा आत पडतो. कागदाच्या घड्या पिळून उन्हात धरा. चमकणारे कण नुसत्या डोळ्यांना दिसत असतील तर अहवालाची वाट न बघता मिस्तरीकडं जा.

अहवाल आला की 'नॉर्मल' हा शिक्का बघून घडी घालू नका. समजा लोह ६००० किलोमीटरांत २४ पीपीएम (दहा लाखांत २४ भाग) आलं आणि पुढच्या खेपेला ८००० किलोमीटरांत ३२. वाढलेलं दिसतं, पण दर हजाराला चारच आहे, झीज तेवढीच. तेच ८००० ला ६४ आलं तर वेग दुप्पट झाला. शिसं, कथील आणि तांबं एकत्र चढत असतील तर संशय बेअरिंगांवर, क्रोमियम चढलं तर रिंगांवर. सोडियम किंवा पोटॅशियम अचानक वर आलं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, तेलात उतरतोय का बघा, हेड गॅस्केटचं काम निघू शकतं. चिकटाईचं गणित सोपं आहे. ४० ग्रेडचं तेल १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्समध्ये असावं लागतं. खाली घसरलं तर बहुधा इंधन मिसळतंय, वर गेलं तर तेल ऑक्सिडेशननं किंवा काजळीनं घट्ट होतंय.

टीबीएन नव्या तेलाच्या निम्म्यावर आला की सावध व्हा. त्याच्याही खूप खाली गेला असेल तर बाकीचे आकडे काहीही म्हणोत, तेल बदला. इथं एक गोष्ट सांगायला हवी. पाच हजाराला ऑइल बदलायचा जो नियम गॅरेजांत अजून चालतो, तो जास्त गंधकाच्या डिझेलच्या काळातला आहे. बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या डिझेलमध्ये ३५० पीपीएमपर्यंत गंधक चालायचं, एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमचं इंधन आलं. गंधक कमी म्हणजे आम्ल कमी, आणि टीबीएन हळू घसरतो. जुन्या इंजिनालाही हा फायदा मिळतो. तरी एकदम दुप्पट करू नका. तीन अहवालांत झिजेचा वेग स्थिर, चिकटाई ग्रेडमध्ये आणि टीबीएन शिल्लक असेल, तर पुढची खेप हजार-दीड हजारानं लांबवा आणि परत तपासा. मॅन्युअलमधला आकडा ओलांडायची घाई जुन्या गाडीत नकोच.

आणि गाडी वर्षभर दारात उभी राहून फक्त लग्नसराईत आणि चैत्रात वणीच्या गडावर जाण्यापुरती निघत असेल, तर यातलं काहीच करू नका. थोडं चालून बंद पडणाऱ्या इंजिनात ओलावा आणि कच्चं इंधन साठतं. किलोमीटर कितीही कमी असोत, वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर बदला.