वृक्षासन: झाडासारखं उभं राहताना

घेरंडसंहिता या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात या आसनाची खूण थोडक्यात दिली आहे: जमिनीवर झाडासारखं उभं राहावं. म्हणून सुरुवात मुळांपासून, म्हणजे तळव्यापासून करा.

अनवाणी, न घसरणाऱ्या जागी उभे राहा. डाव्या अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा भाग आणि टाच असे तीन बिंदू जमिनीत रोवा. बोटं आवळू नका. आवळली की पोटरी ताठते आणि घोटा डुगडुगतो. आता उजवा पाय हाताने उचलून तळवा डाव्या मांडीच्या मुळाशी टेकवा. तिथवर पोहोचत नसेल तर पोटरीवर चालेल, गुडघ्यावर मात्र कधीही नको, त्या सांध्याला बाजूचा दाब सोसत नाही. तळव्याने मांडीला आणि मांडीने तळव्याला सारख्याच जोराने दाबा. पाय बहुतेकदा घसरतो तो हे विसरल्यामुळे.

उभा पाय हे खोड. नजर समोरच्या एका ठिपक्यावर स्थिरावली की जोडलेले हात वर न्या, या फांद्या. खांदे कानांकडे चढत असतील तर कोपरं थोडी वाकवा. 5 ते 8 संथ श्वास, मग बाजू बदला.

थोडं डुलणं ही चूक नव्हे, वाऱ्यात झाडही डुलतं. महाबलीपुरमच्या 7व्या शतकातल्या शिल्पात एका पायावर, हात उंचावून उभा तपस्वी आहे. ऊनपाऊस सोसून जागा न सोडणं हा झाडाचा गुण त्याच्यात पुरेपूर दिसतो.

चक्कर येत असेल तर भिंतीला पाठ टेकूनच करा.