'डाउट' लिहिताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला मी परदेशातल्या सहकाऱ्यांना एका ओळीचा निरोप पाठवला, "आय डाउट द बॅकअप हॅज फेल्ड." बॅकअप फसलाय असा मला दाट संशय होता. तिकडे दिवस होता, कुणीतरी लगेच बघेल म्हणून मी निर्धास्त झोपलो. सकाळी पाहिलं तर कुणी हातही लावला नव्हता. आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या वाक्याचा इंग्रजीत अर्थ होतो, "बॅकअप फसला असेल असं मला वाटत नाही."

शब्द सगळे बरोबर, व्याकरणही बरोबर, फक्त अर्थ नेमका उलटा. ही चूक शिक्षकाच्या लाल पेनात सापडत नाही, म्हणून ती आधी सांगतो.

मराठीतली 'शंका' दोन्ही दिशांना जाते. "मला शंका आहे की त्यानेच पैसे घेतले" म्हणजे घेतले असावेत. "तो पैसे परत देईल का, याची शंका आहे" म्हणजे बहुधा देणार नाही. 'की' आणि 'का' एवढ्यावर आपण दिशा ओळखतो आणि कधी गोंधळत नाही. इंग्रजी 'डाउट' क्रियापद म्हणून आलं की एकाच बाजूला झुकतं, 'नाही'च्या. 'असावं' म्हणायचं असेल तर तिथे 'सस्पेक्ट' हवं. "आय डाउट ही टुक द मनी" लिहिलंत तर तुम्ही त्या माणसाची बाजू घेतलीत.

लक्षात ठेवायला कोर्टाच्या बातम्या आठवा. 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता' हे आपण पेपरात वाचतो, तो 'बेनिफिट ऑफ डाउट'. गुन्हा याने केला, यावर न्यायाधीशांचा पुरता विश्वास बसत नाही, म्हणून आरोपी सुटतो. पोलीस मात्र ज्याला उचलतात त्याला 'सस्पेक्ट' म्हणतात, कारण केलं यानेच असं त्यांना वाटतं. पोलीस सस्पेक्ट करतात, न्यायाधीश डाउट करतात. क्रिकेटमध्येही अंपायरला डाउट असला की फलंदाज खेळत राहतो.

जुन्या इंग्रजीत 'डाउट'ला भीतीचीही छटा होती, आणि स्कॉटलंडमध्ये ती अजून टिकून आहे. तिथला माणूस "आय डाउट इट्ल रेन" म्हणाला तर पाऊस येणार असं त्याला वाटतंय. म्हणजे आपल्या शंकेसारखा वापर इंग्रजीला अगदीच परका नाही. पण ऑफिसच्या ईमेलमध्ये त्याचा आधार घेऊ नका, वाचणारा स्कॉटिश असेलच असं नाही.

दुसरी चूक सौम्य आहे, पण ती आपण रोज करतो. "सर, आय हॅव अ डाउट." वर्गात 'काही शंका असल्यास विचारा' ऐकत आपण मोठे झालो, आणि तीच शंका इंग्रजीत 'डाउट' झाली. कोचिंग क्लासमध्ये तर 'डाउट सेशन' हा तासच असतो. आपल्या आपल्यात हे चुकीचं आहे असं मी मानत नाही. भारतात तो शब्द या अर्थाने पक्का रुजलाय आणि तो वापरताना लाजण्याचं कारण नाही. अडचण देशाबाहेर येते. "आय हॅव सम डाउट्स अबाउट युअर डिझाइन" हे वाचून समोरच्याला वाटतं, याला माझं काम पसंत नाही. तुम्हाला फक्त दोन गोष्टी विचारायच्या असतात! तिथे साधा 'क्वेश्चन' लिहा. कागदोपत्री काही तपासून घ्यायचं असेल तर 'क्वेरी' चालेल. खरोखरच काही पटत नसेल तर 'कन्सर्न', आणि ते आणखी अदबीने सांगायचं तर "आय हॅव सम रिझर्व्हेशन्स". इथे आरक्षणाचा काही संबंध नाही, मन मोकळेपणी होकार देत नाही एवढंच.

"आय हॅव अ डाउट ऑन हिम" हे 'त्याच्यावर संशय आहे' याचं शब्दशः भाषांतर. आपल्या 'वर'साठी 'ऑन' आला, पण इंग्रजी तिथे 'अबाउट' घेते. खरा संशय असेल तर "आय सस्पेक्ट हिम", मात्र माणसाबद्दल हे लेखी देताना दहादा विचार करा, तो आरोप होतो. "आय ॲम डाउटिंग" शक्यतो टाळा, "आय डाउट" पुरे.

विशेषणांत मराठी आपल्याला मदत करते. संशय घेणारा तो 'संशयी' आणि ज्याच्यावर संशय आहे तो 'संशयित', असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत. इंग्रजी 'सस्पिशस' मात्र दोघांनाही लागतो, म्हणून वाक्य असं रचा की कोण कोणावर संशय घेतोय ते कळेल. 'डाउटफुल' म्हणजे खात्री नसलेला. पाय दुखावलेला खेळाडू उद्याच्या सामन्यासाठी 'डाउटफुल' असतो, त्यात त्याच्या चारित्र्याला धक्का नाही. 'ड्युबिअस' व्यवहार म्हटलं की मात्र काळंबेरं आलंच.

स्पेलिंगमधला 'बी' उच्चारू नका. १३व्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्यात 'बी' नव्हताच. पुढे विद्वानांनी लॅटिन 'दुबितारे' या मूळ शब्दाशी नातं दिसावं म्हणून तो घातला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला मुका 'बी' असाच आला. लिहायचा, बोलायचा नाही.

शेवटचा 'नो डाउट'. आपण तो 'निःसंशय' म्हणून वापरतो, पण इंग्रजीत तो पुष्कळदा 'बहुतेक असेलच' इतका सैल असतो. "द पेमेंट हॅज नो डाउट बीन मेड" वाचून समोरच्याला वाटेल, पैसे गेले का हे यांनी बघितलेलंच नाही. ठामपणे सांगायचं तर 'विदाउट डाउट' किंवा 'अनडाउटेडली' आहे. आणि खातं उघडून तुम्ही स्वतः पाहिलं असेल, तर सरळ "आय हॅव चेक्ड, द पेमेंट इज मेड" असंच लिहा.