विभाज्यतेच्या कसोट्या: २४ साठी ४ आणि ६ का चालत नाहीत

स्पर्धा परीक्षेच्या तयारीला नुकतीच सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. २, ३, ५, ९ आणि १० यांच्या कसोट्या आपल्याला शाळेपासून येत असणार, त्यामुळे त्या पुन्हा सांगत बसत नाही. ४ साठी शेवटचे दोन अंक आणि ८ साठी शेवटचे तीन अंक पाहायचे, हेही बहुतेकांना पाठ असते. अडचण या सुट्या कसोट्यांत नसते. दोन कसोट्या एकत्र वापरायची वेळ आली की ती सुरू होते. १२, १८, २४, ३६, ४५, ७२, ८८ यांसारख्या भाजकांवरचे प्रश्न सरावात सतत भेटतात, आणि या संख्यांची फोड करताना जो सापळा लागतो त्याने माझी तयारी बराच काळ अडवून धरली होती.

एखादी संख्या २४ ने विभाज्य आहे का हे पाहायचे असेल, तर मनात सर्वांत आधी ‘चार सक चोवीस’ हा पाढा येतो आणि आपण ४ व ६ च्या कसोट्या लावून मोकळे होतो. ५,७४८ ही संख्या घ्या. शेवटचे दोन अंक ४८ आहेत, म्हणून ४ ने निःशेष भाग जातो. अंकांची बेरीज ५ + ७ + ४ + ८ = २४ येते, म्हणून ३ ने भाग जातो, आणि संख्या सम असल्यामुळे ६ नेही जातो. दोन्ही कसोट्या लागू पडल्या. आता प्रत्यक्ष भागाकार करून पाहा: २४ गुणिले २३९ म्हणजे ५,७३६, आणि बाकी उरते १२. संख्या २४ ने विभाज्य नाही.

असे का होते हे नीट समजून घ्या, कारण येथे घाई केली तर पुढचे सारे ठिसूळ राहते. २४ च्या मूळ अवयवांत २ हा अवयव तीन वेळा आणि ३ हा एकदा येतो. ४ ची कसोटी संख्येत दोन वेळा २ असल्याची खात्री देते. ६ ची कसोटी एक २ आणि एक ३ असल्याची खात्री देते, परंतु हा २ नवा नसतो. ४ च्या कसोटीत मोजलेल्या दोहोंपैकीच एक येथे दुसऱ्यांदा मोजला जातो. तिसरा २ आहे की नाही, हे कोणीच तपासलेले नसते. हेच लसाविच्या भाषेत सांगायचे तर, जी संख्या ४ ने आणि ६ ने विभाज्य आहे ती त्यांच्या लसाविने, म्हणजे १२ ने विभाज्य असते; त्यापलीकडे या दोन कसोट्या काहीही सांगत नाहीत. २४ साठी ३ आणि ८ घ्यावे लागतात. ५,७४८ चे शेवटचे तीन अंक ७४८ आहेत, त्यांना ८ ने भागल्यास बाकी ४ उरते, आणि उत्तर तेथेच स्पष्ट होते.

या सापळ्याची खरी भीती वेगळीच आहे. १२ च्या पटींमध्ये एक आड एक संख्या २४ ची पट असते, त्यामुळे ४ आणि ६ ची चुकीची रीत वापरूनही सुमारे निम्म्या वेळा उत्तर बरोबर येते. सराव संचात एक उत्तर बरोबर, दुसरे चूक, पुन्हा तिसरे बरोबर असे होऊ लागले की आपण दोष आकडेमोडीला देतो, वेळेच्या ताणाला देतो, एकाग्रतेला देतो. रीतीवर मात्र संशय घेत नाही, कारण त्याच रीतीने आत्ताच एक गणित सुटलेले असते. अशा वेळी स्वतःला कमी लेखू नका. ज्या रीतीने उत्तर कधी बरोबर आणि कधी चूक येते, ती रीतच आधी तपासायला घ्या.

नियम थोडक्यात असा की भाजकाची फोड सहमूळ संख्यांतच करावी, म्हणजे त्या संख्यांना १ शिवाय दुसरा सामाईक विभाजक असता कामा नये. १८ साठी २ आणि ९ चालतात, ३ आणि ६ चालत नाहीत. ४५ साठी ५ आणि ९ चालतात, ३ आणि १५ चालत नाहीत. ७२ साठी ८ आणि ९ घ्यावेत. ६ आणि १२ घेतल्यास हाती फक्त १२ ची खात्री लागते. येथे आणखी एक गोंधळ होतो. काही जण सहमूळ म्हणजे मूळ असे समजून ३६ ची फोड २, २, ३, ३ अशी करतात आणि २ ची कसोटी दोनदा लावतात. एकच कसोटी कितीही वेळा लावली तरी तिच्यातून नवी माहिती मिळत नाही. ८ आणि ९ यांपैकी एकही मूळ संख्या नाही, तरी त्या परस्परांशी सहमूळ आहेत, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

गाळलेल्या अंकांच्या प्रश्नांत हा नियम कसा कामी येतो ते पाहू. ४७क५ख ही पाच अंकी संख्या ३६ ने विभाज्य असेल, तर ‘क’ ची मोठ्यात मोठी किंमत किती? फोड ४ आणि ९. सुरुवात नेहमी ४ पासून करावी, कारण ती कसोटी शेवटच्या दोनच अंकांवर चालते आणि पर्याय झटकन कमी करते: ५ख ही संख्या ५२ किंवा ५६ असली पाहिजे, म्हणून ‘ख’ २ किंवा ६. अंकांची बेरीज १६ + क + ख होते, आणि ती ९ च्या पटीत येण्यासाठी क + ख ही बेरीज २ किंवा ११ असावी लागते. ‘ख’ २ असेल तर ‘क’ ० किंवा ९ येतो. ‘ख’ ६ असेल तर ‘क’ ५ येतो. म्हणजे ४७०५२, ४७९५२ आणि ४७५५६ या तीन संख्या मिळतात, आणि उत्तर ९. अनेक जण ‘ख’ २ धरून ‘क’ शून्य मिळताच थांबतात आणि बेरीज ११ होण्याची शक्यता तपासतच नाहीत. ११ च्या कसोटीतही असेच घडते: एकाआड एक अंकांच्या बेरजांतील फरक शून्य आला तरच संख्या विभाज्य, असे लक्षात ठेवले जाते, तो फरक ११ किंवा २२ असला तरी चालतो, हे विसरले जाते. ९,१८,०८२ मध्ये तो फरक २२ आहे, आणि संख्या ११ ने विभाज्य आहे.

आता झटपट युक्त्यांविषयी माझे ठाम मत सांगतो. ७, १३, १७ आणि १९ यांच्या ‘शेवटचा अंक अमुक पट करून वजा करा किंवा मिळवा’ या कसोट्या (उदाहरणार्थ ७ साठी शेवटचा अंक दुप्पट करून उरलेल्या संख्येतून वजा करतात) खऱ्या आहेत, परंतु तीन-चार अंकी संख्येसाठी त्या क्वचितच वेळ वाचवतात. ९,७८६ ला ७ ने भाग जातो का? ७,००० काढले, २,७८६ उरले, ते २,८०० पेक्षा १४ ने कमी आहेत, भाग जातो. यात दुप्पट नाही, वजाबाक्यांची साखळी नाही. या युक्त्यांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यात घालवलेले आठवडे पाढे पक्के करण्यात घातले असते, तर माझा वेग कितीतरी आधी वाढला असता असे आजही वाटते. याला एक अपवाद करावा: १,००१ = ७ × ११ × १३ हे अवश्य लक्षात ठेवा. तीन अंकांचा गट दोनदा लिहून झालेली कोणतीही सहा अंकी संख्या, उदाहरणार्थ ५,८३,५८३, ही १,००१ ची पट असते, म्हणून ती या तिन्ही संख्यांनी विभाज्य असतेच.

मार्गदर्शक निवडताना तो किती युक्त्या देतो यापेक्षा ‘हे का चालते’ या प्रश्नाला काय उत्तर देतो ते पाहावे. ९ ची कसोटी चालते, कारण १०, १००, १,००० यांना ९ ने भागल्यास बाकी नेहमी १ उरते आणि म्हणून प्रत्येक अंक आपल्या स्वतःच्या किमतीनेच बाकीत उतरतो. दहाच्या घातांच्या बाक्या पाहून कोणत्याही भाजकासाठी कसोटी तयार करता येते, हे फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकातच दाखवले होते. हे कारण कळले की ‘३ साठी बेरीज, ९ साठी बेरीज, मग २७ साठीही बेरीज’ अशी फसगत होत नाही. १,८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, तरी तिला २७ ने भागल्यास बाकी ९ उरते.

बाकी विचारणाऱ्या प्रश्नांत तर हे कारण माहीत असणे अपरिहार्य आहे. ५,७४८ च्या अंकांची बेरीज २४, पुन्हा बेरीज ६, आणि ९ ने भागल्यास बाकी ६ च उरते. ११ साठी एककाच्या अंकापासून सुरुवात करून ८ − ४ + ७ − ५ = ६ करावे, बाकी ६ मिळते; डावीकडून सुरुवात केली तर उणे ६ येते आणि उत्तर चुकते. ७ च्या दुपटीच्या कसोटीत मात्र बाकी टिकतच नाही: ५७४ मधून १६ वजा केल्यास ५५८ उरतात, त्यांना ७ ने भागल्यास बाकी ५ येते, तर मूळ संख्येची बाकी १ आहे. भाग जातो की नाही एवढेच ती कसोटी सांगते, म्हणून प्रश्नात बाकी विचारली असेल तर ७ ने सरळ भागाकार करावा.