चुकीच्या छपाईची जुनी कार्डं गोळा करायची तर

माझ्या पहिल्या ‘मिसप्रिंट’ने मला तीनशे रुपयांना गंडवलं. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर खेळाडूंच्या जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यात एक निळसर पडलेला फलंदाज सापडला. “मिस्टेकवाला है साहब, लाल रंग लगाही नहीं.” घरी येऊन नीट पाहिलं, तर एका कोपऱ्यात, कधीकाळी फोटो-कॉर्नरखाली झाकलेल्या तिरप्या तुकड्यात, लाल-पिवळा जसाच्या तसा होता. कार्ड कुणाच्या तरी भिंतीवर वर्षानुवर्षं ऊन खात बसलं होतं, इतकंच.

म्हणून खरेदीच्या आधी छपाई समजून घ्या. सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकावर एक बसतात. उन्हाने मॅजेंटा आणि पिवळा आधी उडतात, सायन आणि काळा टिकतात. झवेरी बाजारालगत सोनारांची हत्यारं विकणाऱ्यांकडून दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. एखादा रंग छापायचाच राहिला असेल, तर त्याचा ठिपका कार्डावर कुठेही सापडत नाही, अगदी कडेलाही नाही. रजिस्टर, म्हणजे शायांची एकावर एक नेमकी बसणी, हललेलं असेल, तर अक्षरांना रंगीत सावली दिसते आणि ती कार्डभर एकाच बाजूला असते.

मग कापणी बघा. कार्डं मोठ्या शीटवर एकत्र छापतात. टॉप्स या बेसबॉल कार्डांच्या अमेरिकन कंपनीच्या बऱ्याच जुन्या शीटवर 132 कार्डं असत. कापताना शीट सरकलं की शेजारच्या कार्डाची पट्टी आपल्या कार्डात येते, पण माप पूर्णच राहतं. त्याच संचातलं साधं कार्ड वर ठेवून पाहा. जे लहान भरेल, त्यावर बहुधा कुणीतरी घरी कटर चालवलेला असतो.

किमतीचं गणित वेगळं आहे. 1957च्या टॉप्स संचात बेसबॉलपटू हँक आरनची निगेटिव्ह उलटी पडली आणि उजव्या हाताने खेळणारा माणूस डावखुरा झाला. चूक कधी दुरुस्तच झाली नाही, सगळी कार्डं तशीच. त्यामुळे त्या चुकीचे वेगळे पैसे मिळत नाहीत. टॉप्सच्याच 1990च्या संचात फ्रँक थॉमसच्या मोजक्याच कार्डांवर पुढच्या बाजूला नाव उमटलं नाही. त्यांना मात्र जबर भाव आहे. (माझी लाडकी चूक 1969ची : ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर त्याच्याऐवजी संघाच्या बॅट उचलणाऱ्या पोराचा फोटो!) नाव ‘गायब’ करणं लबाडांनाही जमतं, खोडरबर किंवा अ‍ॅसिटोन पुरतं. कार्ड ट्यूबलाइटखाली तिरपं धरा. घासलेल्या जागी चकाकी तुटलेली दिसते.

आपल्याकडचं म्हणाल, तर बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं शोधा. ट्रम्प कार्डांच्या गल्लीबोळात छापलेल्या नकलाही भरपूर फिरल्या. त्यांत स्पेलिंगपासून वजनापर्यंत सगळंच चुकलेलं. गंमत म्हणून ठेवा, पैसे ओतू नका. मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात. पण खरं सांगू? घराजवळच्या रद्दीवाल्याकडे नंबर देऊन ठेवलेला बरा. जुनी चाळ किंवा इमारत रिकामी होते, तेव्हा पोरांचे अल्बम पुस्तकांबरोबर किलोवर जातात. दुकानदारासमोर मात्र ‘मिसप्रिंट’ हा शब्द काढू नका. पूर्ण गठ्ठ्याचा भाव विचारा.

आणलेलं कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला. मऊ पीव्हीसीची पाकिटं काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात निळ्या दाण्यांच्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. दाणे गुलाबी झाले की बदला. आणि घरच्यांनी कितीही प्रेमाने सुचवलं, तरी लॅमिनेशन करू नका. माझ्या मामाने तसं केलेली दोन कार्डं माझ्याकडे आहेत. कोणी फुकटही नेत नाही.