तेल बदललं, तरी वजन हलेना? तेलाच्या या चुका टाळा

पंचेचाळिशी ओलांडली, साडीचे ब्लाऊज दंडात आणि पोटाशी घट्ट व्हायला लागले, की बडोद्याच्या मराठी घरात पहिली गदा येते ती सिंगतेलावर, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलावर. डबा बंद होतो आणि सूर्यफूल येतं. मग कुणीतरी राइस ब्रान (तांदळाच्या कोंड्याचं तेल) सुचवतं, मुलगी ऑनलाइन ऑलिव्ह मागवते. बाटल्या बदलत राहतात, फोडणीची पळी मात्र तीच.

खरी चूक त्या पळीत आहे. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, ऑलिव्हचं, लाकडी घाण्याचं, कुठलंही तेल घ्या. एका ग्रॅममागे साधारण 9 कॅलरी मिळणारच. 15 मिलिलिटरचा एक मोठा चमचा म्हणजे जवळपास 120 कॅलरी. 'हलकं' किंवा 'लाइट' हा शब्द चवीबद्दल असतो, रंगाबद्दल असतो, कॅलरींबद्दल क्वचितच. महाग तेल आणलं की 'हे चांगलं आहे' म्हणून हात उलट सैल सुटतो, असंच जास्त वेळा दिसतं.

बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला 20 ग्रॅम वरचं तेल-तूप सुचवलेलं आहे. 5 मिलिलिटरच्या छोट्या चमच्याने मोजलं तर चार-साडेचार चमचे. त्यात पोळीवरचं तूप आलं, थालीपिठाच्या कडेने सोडलेलं तेल आलं आणि खुसखुशीतपणासाठी घातलेलं मोहनही आलं. रोज चमचे मोजत बसायचा कंटाळा असेल तर डब्यावर उघडल्याची तारीख लिहा. तिघांच्या घरात, बाकीच्यांना थोडं जास्त धरून माणशी 25 ग्रॅमचा हिशेब केला, तर 15 किलोचा डबा 200 दिवस चालायला हवा. तो साडेतीन महिन्यांत तळाला गेला, तर कुठलं तेल आणायचं हा प्रश्न नंतरचा. (दिवाळीचं तळण त्यातलं बरंच खातं, हे कबूल. पण दिवाळी काही दर महिन्याला येत नाही.)

मग तेलाच्या प्रकाराला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो कमरेपेक्षा हृदयाच्या दृष्टीने. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं, चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठू लागते आणि एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलही वाढतं. म्हणून संतृप्त चरबी कमी असलेली तेलं बरी. खोबरेलात ती सुमारे 90 टक्के, पामतेलात जवळपास निम्मी आणि इथे स्वस्त म्हणून सर्रास चालणाऱ्या कपासिया (सरकीच्या) तेलात साधारण पाव. सिंगतेल या यादीत मुळीच वाईट नाही. त्यातली निम्मी चरबी ऑलिव्हमधल्यासारखीच ओलेइक या असंतृप्त प्रकारची असते. त्यात उणीव ओमेगा-3 या चरबीची. ती मोहरीच्या किंवा सोयाबीनच्या तेलातून थोडीफार भरून निघते. माझ्या मते बडोद्यात राहून सिंगतेल सोडायचं काही कारण नाही. ते ठेवा, जोडीला दुसरं एखादं घ्या आणि आलटून-पालटून वापरा.

'कोलेस्टेरॉल शून्य' या लेबलला भुलू नका. ते कुठल्याच वनस्पती तेलात मोजण्याइतकं नसतं.

घाण्याचं किंवा एक्स्ट्रा व्हर्जिन तेल तळणाला वापरणं ही पैशांचीही नासाडी. ही तेलं रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतात. त्यांचा उपयोग कोशिंबिरीवर आणि मंद आचेवरच्या भाजीला. जवसाचं तेल तर तापवूच नका. फोडणीत मोहरी तडतडली की पुरे, धूर निघेपर्यंत थांबायची गरज नाही.

चकलीचं उरलेलं तेल आठवडाभर आमटीच्या फोडणीत मुरवणं ही काटकसर अंगाशी येते. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात घातक संयुगं वाढतात. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून तळणाच्या तेलातल्या पोलर संयुगांवर (तेल बिघडताना तयार होणाऱ्या) 25 टक्क्यांची मर्यादा घातली. घरी हे मोजता येत नाही. पण तेल काळपट, चिकट झालं, फेस धरू लागलं किंवा लवकर धुरावलं, तर ओळखा की त्याचं आयुष्य संपलं. जुन्यात ताजं ओतलं म्हणून ते सुधारत नाही. त्यापेक्षा छोट्या कढईत कमी तेल घ्या. घरात दोनच माणसं असतील तर डब्याऐवजी लिटरची पिशवी आणा आणि ती गॅसशेजारी ठेवू नका, खवट वास लवकर लागतो.

घरातलं सगळं मोजूनही काटा हलत नसेल, तर तेल बाहेरून येतंय का ते बघा. रविवारच्या सेव-उसळीवरची लाल तर्री, चहाबरोबरचा लीलो चेवडो (बडोद्याचा ओलसर चिवडा), सकाळचा फाफडा. यांतलं तेल कुणीच आपल्या हिशेबात धरत नाही. सेव-उसळ सोडा असं मी म्हणणार नाही, बडोद्यात राहून ते शक्यही नाही. तर्री वेगळ्या वाटीत मागा, दोन चमचे घ्या, सेव मूठभरच. चेवडा पाकिटातून न खाता वाटीत काढून खा. उत्तरायणाच्या उंधियोत मुठिया (मेथीचे मुटके) तळण्याऐवजी वाफवून टाका आणि पातेलं थोडं तिरकं ठेवून वर आलेलं तेल पळीने काढून घ्या. अळूवडी, कोथिंबीर वडीही वाफवल्यावर तव्यावर परतली तरी कुरकुरीत होते.

उलट टोकही नको. तेल पूर्ण बंद केलं, तर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. जेवण फिकं लागतं आणि पाच वाजता हात फरसाणाच्या डब्यात जातो.

दोन-तीन महिने हे नीट पाळूनही कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वरच राहिला, तर तेलाचा नाद सोडून डॉक्टरांकडे जा. थायरॉइडची टीएसएच आणि साखर तपासून घ्या. ताटातल्या डाळी-उसळींचं प्रमाण बघा, कारण या वयात स्नायू झिजतात आणि ते टिकवायला प्रथिनं लागतात. नुसतं कमाटीबागेत चालून भागत नाही, आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा व्यायामही हवा.