कॉर्नफ्लोर आणि पाणी: हळू बोट घातलं तर आत जातं, बुक्की मारली तर टणक लागतं

सामान सांगायचं तर कॉर्नफ्लोर, पाणी, एक पसरट भांडं आणि जमिनीवर अंथरायला जुने पेपर, बास. फक्त कॉर्नफ्लोर म्हणजे ती पांढरी, हाताला सुळसुळीत आणि दाबली की कुरकुरणारी पावडर बरं का, पिवळसर मक्याचं पीठ नाही, त्याने काही होत नाही. मैद्यानेही होत नाही, त्यात ग्लुटेन असतं आणि नुसती चिकट कणीक तयार होते. बटाट्याचं स्टार्च मिळालं तर चालेल, पण पहिल्यांदा करताय तर कॉर्नफ्लोरच घ्या.

आता प्रमाण. सगळीकडे सांगतात दोन वाट्या पावडर आणि एक वाटी पाणी, आणि ते साधारण बरोबरच आहे, पण पावडर वाटीत दाबून भरली की भुरभुरून भरली यावरच एवढा फरक पडतो की मोजमापावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. त्यामुळे आधी पावडर भांड्यात घ्या, एक वाटीतलं पाऊण पाणी ओता आणि उरलेलं बाजूला ठेवा, ते पुढे चमच्या-चमच्याने घालायचंय. पाणी साधं, नळाचं. गरम अजिबात नको, साठ-सत्तर डिग्रीच्या आसपास स्टार्चचे कण फुगतात आणि खळ तयार होते, मग खेळ संपला.

ढवळायचं हाताने आणि हळू. चमच्याने घाईघाईत फिरवायला गेलात तर मिश्रण तुमच्याशी भांडतं, चमचा अडतो, आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून आपण अजून ओततो, आणि मग दोन मिनिटांनी कळतं की ते आता नुसतं पांढरं पाणी झालंय. (माझं पहिल्यांदा असंच झालं, मग त्यात पावडर, मग परत पाणी असं करत करत शेवटी अर्धी बादली भरली.) बोटं तळाशी सरकवायची आणि खालची कोरडी पावडर अलगद वर उचलायची. तळाला कोरडी ढेकळं राहतात, ती शोधून मोडा.

झालंय का ते कसं कळणार? बोट हळू बुडवा, सहज आत गेलं पाहिजे. आता तेच बोट पृष्ठभागावरून झटक्यात ओढा. मिश्रण फाटल्यासारखं होतं, भेग पडते, आणि एक-दोन सेकंदात ती भेग वितळून पुन्हा सपाट होते. भेग पडतच नसेल तर पाणी जास्त झालंय, चमचाभर पावडर घाला. पडलेली भेग तशीच राहत असेल तर चमचाभर पाणी घाला. एक चमचा म्हणजे एकच चमचा, इथे थोड्यानेही सगळं बदलतं.

मग मारा चापट. उडत नाही, हाताला फारसं लागतही नाही. पण मारताना जवळून बघा, कारण खरी मजा तिथे आहे: चकचकीत पृष्ठभाग मार बसल्याक्षणी मंद, कोरडा दिसतो आणि मग पुन्हा चकाकी येते. समुद्रकिनारी ओल्या वाळूवर पाय दिला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडते ना, तोच प्रकार. दाटीवाटीने बसलेले कण एकमेकांवरून सरकायला बघतात तेव्हा त्यांना जास्त जागा लागते आणि वरचं पाणी आत खेचलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याच गोष्टीवर लिहिलं होतं.

स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण पाण्यात नुसते तरंगत असतात आणि दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो. हळू ढकललं तर त्या थरामुळे ते एकमेकांच्या बाजूने निसटतात. जोरात ढकललं तर थर पिळून निघतो, कण कणाला घासतो आणि गर्दीत दारापाशी सगळे एकदम घुसले की जसे अडकतात तसे अडकून बसतात. जोर काढला की परत मोकळे. २०१२ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी अशा मिश्रणावर धातूचा दांडा आपटून हायस्पीड कॅमेरा आणि एक्स-रेने बघितलं, तर दांड्याखाली घट्ट झालेला भाग खाली-खाली वाढत जाताना दिसला. हौदभर मिश्रणावरून लोक धावतात ते व्हिडिओ खरे आहेत, थांबले की बुडतात हेही खरं.

घरी करण्यासारखं अजून: मूठभर घेऊन दोन तळव्यांमध्ये भराभर गोल फिरवा, गोळा होतो, फिरवणं थांबवलं की बोटांमधून गळतो. लहान मुलं यावर अर्धा तास सहज काढतात (तोंडात घालू देऊ नका). चमचा खोल रोवून एकदम वर ओढा, भांडंच उचललं जाईल. हळू ओढलात तर निमूट बाहेर येतो.

जुना स्पीकर असेल आणि तो खराब झाला तरी चालणार असेल तर त्याच्या कोनवर (म्हणजे पुढच्या थरथरणाऱ्या पडद्यावर) प्लास्टिकची फिल्म ताणून लावा, वर थोडं मिश्रण घाला आणि पन्नास-साठ हर्ट्झचा टोन लावा. आवाज वाढवत नेलात की बोटांसारखे कोंब उभे राहून वळवळायला लागतात. २००४ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी तर थरथरत्या मिश्रणात हवा फुंकून भोकं पाडली होती आणि ती बुजलीच नाहीत. रंग घालायचा मोह होतो, मी म्हणेन नको, हात दोन दिवस हिरवे राहतात.

आवरताना एकच नियम: सिंकमध्ये ओतायचं नाही. स्टार्च पाण्यापेक्षा जड, पाइपात तळाला बसून घट्ट होतं, आणि वरून गरम पाणी ओतलंत तर आतच खळ शिजते. आमच्याकडे प्लंबर बोलवावा लागला होता. ट्रेमध्ये पसरून वाळवा आणि कचऱ्यात टाका. कपड्यांवर पडलं तर पुसू नका, वाळू द्या, झटकलं की जातं. उद्या खेळायचं असेल तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, खाली गाळ बसेल, तो हळू उकरून मिसळा, पण वास यायला लागला की टाकून द्या.

थोडं मिश्रण मात्र मुद्दाम एका काचेच्या वाटीत दोन-तीन बोटं जाड ठेवून बल्बखाली सावकाश पूर्ण सुकू द्या. मग हलकेच फोडा. आत भेगा पडून उभे, बहुकोनी, खडूच्या तुकड्यांसारखे खांब तयार झालेले दिसतात. लाव्हा थंड होताना बेसॉल्टचे मोठमोठे खांब तयार होतात, तशाच रचनेचे, फक्त तुमच्या वाटीतले.