सोयाबीन विकावे की ठेवावे: गटातल्या वेगवेगळ्या स्वभावांचा उपयोग कसा करून घ्यावा

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची रास झाली की मराठवाड्यातल्या अनेक शेतकरी गटांपुढे एक प्रश्न येतो: माल लगेच लातूरच्या आडतीत घालावा, की गोदामात ठेवून त्यावर तारण कर्ज उचलावे? या बैठकीत भावावरून होतात त्याहून अधिक खटके एकमेकांच्या वागण्यावरून उडतात. कोणी सारखा बोलत राहतो, कोणी तासभर तोंड उघडत नाही, आणि बैठक उठल्यावर पारावर ‘तो लई आखडू आहे’, ‘हा उगंच फाटे फोडतो’ असे निवाडे होतात. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे आपण एरवी सहज म्हणतो, पण बैठकीत त्या प्रकृतींना काम देत नाही. ते कसे द्यावे, यासाठी व्यक्तिमत्त्व-प्रकारांचा सिद्धांत पुढील रीतीने वापरता येतो.

आधी सिद्धांत थोडक्यात समजून घ्यावा. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल गुस्ताव युंग यांनी १९२१ मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांची मांडणी केली. ‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ हे शब्द तिच्यामुळेच रूढ झाले. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी तिच्या आधारे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली तयार केली. तिच्यात चार जोड्या आहेत. माणसाला उत्साह चार जणांत बोलून येतो की एकट्याने विचार करून. त्याचे लक्ष आधी हाती असलेल्या तपशिलाकडे जाते की पुढच्या शक्यतांकडे. निर्णय घेताना तो आधी हिशेब पाहतो की माणसे. आणि त्याला काम ठरवून मोकळे व्हायला आवडते की शेवटपर्यंत वाट खुली ठेवायला. चार जोड्यांतून सोळा प्रकार होतात, आणि प्रत्येक जोडीतले एक इंग्रजी अक्षर घेऊन प्रकाराला चार अक्षरांचे नाव देतात. गटाच्या कामासाठी ते सोळाही पाठ करण्याची गरज नाही, चार प्रश्न पुरेत.

पहिली पायरी स्वतःची. मोबाइलवर फुकट चाचणी देऊन आलेली चार अक्षरे मिरवण्यापेक्षा मागच्या दोन-तीन निर्णयांत आपण प्रत्यक्ष कसे वागलो, हे आठवून लिहावे. येथे प्रश्न आवडीचा आहे, कुवतीचा नाही: उजव्या हाताने विळा चालवणारा गडी डाव्या हातानेही कापणी करू शकतो, फक्त त्याचा हात लवकर भरून येतो. अंतर्मुख माणूस लाजाळूच असतो असे नाही, आणि माणसांचा विचार आधी करणाऱ्याला हिशेब कळत नाही असेही नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून तो गटात आरंभीच दूर करावा.

दुसऱ्या पायरीवर दूषणाचे शब्द बदलावेत. ‘फाटे फोडतो’ याऐवजी ‘त्याला आणखी दोन वाटा दिसतात’ असे म्हणून पाहावे; ‘चिकटपणे तेच तेच विचारतो’ याऐवजी ‘ओलावा १२ टक्क्यांच्या आत आला का, हे पाहिल्याशिवाय तो पुढे जात नाही’ असे. हे गोड बोलणे नव्हे. शेंगा भिजलेल्या वर्षी ओलाव्याचा प्रश्न विचारणारा माणूस गटात नसेल, तर काट्यावर कपात होते तेव्हा त्याची किंमत कळते.

तिसरी पायरी बैठकीच्या रचनेची, आणि खरा फायदा येथेच आहे. विषय आणि आकडे आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावेत, म्हणजे विचार करून बोलणाऱ्याला रात्र मिळते. बैठकीत लगेच चर्चा न उघडता प्रत्येकाने दोन वाक्ये बोलण्याची एक फेरी घ्यावी, आणि सर्वांत जास्त बोलणाऱ्याचा क्रम शेवटी ठेवावा. त्यानंतरचा क्रम मायर्स यांनी सुचवलेला आहे. आधी वस्तुस्थिती: क्विंटल किती, ओलावा किती, आजचा भाव काय, गोदामाचे भाडे किती. मग शक्यता: निम्मा माल विकून निम्मा ठेवता येईल का, तेल गिरणीशी थेट बोलता येईल का, बियाण्यासाठी वेगळा काढता येईल का. मग कठोर हिशेब: व्याज आणि भाडे वजा जाता भाव कितीने वाढला तर ठेवणे परवडते. आणि शेवटी माणसे: कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाला रब्बीच्या हरभऱ्यासाठी आजच पैसा हवा आहे. प्रत्येक टप्प्याला ज्याचा ओढा त्या बाजूला आहे त्याने पुढाकार घ्यावा आणि इतरांनी तेवढा वेळ ऐकावे. निर्णयाची तारीखही आधीच ठरवून ठेवावी. लवकर मोकळे होऊ पाहणाऱ्याला ती धीर देते, आणि वाट खुली ठेवणाऱ्याला तोवर चौकशी करता येते.

चौथी पायरी सावधगिरीची आहे, आणि तिच्यावर मी अधिक भर देईन. गप्प बसलेला प्रत्येक जण अंतर्मुख नसतो. सून बैठकीत बोलत नाही, कारण समोर सासरे बसलेले असतात. दोन एकरवाला बोलत नाही, कारण ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याकडून त्याने हातउसने घेतलेले असतात. कोणी जातीमुळे आजवर मागेच बसत आलेला असतो. याला स्वभाव म्हणणे म्हणजे अन्यायाला शास्त्राचे नाव देणे. अशा ठिकाणी उपाय वेगळे लागतात: महिला सभासदांची स्वतंत्र बैठक, चिठ्ठीने मत, अध्यक्षपद आळीपाळीने.

शिवाय हा सिद्धांत मोजमाप म्हणून फारसा पक्का नाही. बरीच माणसे दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात, आणि काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर अनेकांचा प्रकार बदलतो. म्हणूनच संशोधक आज प्रकारांऐवजी पाच गुणांच्या चढत्या-उतरत्या पट्टीवर स्वभाव मोजणे पसंत करतात. तेव्हा खजिनदार निवडताना किंवा कर्ज देताना कोणाचा प्रकार विचारात घेऊ नये; तेथे वही आणि परतफेडच पाहावी. ‘माझा स्वभावच असा आहे’ म्हणून हप्ता चुकवणाऱ्यालाही या सिद्धांतात सवलत नाही.

पुढच्या हंगामात नवा सभासद आला तर त्याला सोळा प्रकारांचा तक्ता दाखवू नये. बैठकीचा विषय आदल्या दिवशी कळवलेला बरा वाटेल की बैठकीत आला तरी चालेल, एवढे त्याला विचारावे आणि उत्तर वहीत लिहून ठेवावे.